बोटीवर सारंग आहे. मग मालकाला काय यायला हवं?

मांडवा आणि अलिबागकडे शनिवार-रविवारी जाणाऱ्या खासगी मोटर यॉटमध्ये आता तिघा-चौघा मित्रांनी मिळून घेतलेल्या सेकंडहँड बोटीही असतात. चाळीस-पन्नास फूट लांबी, दोन डिझेल इंजिनं, केबिन, एसी, छोटं स्वयंपाकघर. अशा वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. कुणी विचारतं, "पगारी सारंग आहे, मग आम्ही शिकायचं काय?" दुसऱ्या टोकाचे विचारतात, "मोटार तीस वर्षं चालवतोय, हिच्यात काय वेगळं असणार?"

दुसऱ्यांना आधी उत्तर देतो. मोटारीचा परवाना इथे चालत नाही, आणि मोटारीला ब्रेक असतो तसा बोटीला नसतो. गिअर न्यूट्रलला आणलात तरी वारा आणि पाण्याची ओढ बोट नेतच राहतात. पहिल्यांसाठी उत्तर असं, की भर समुद्रात सारंग, म्हणजे बोट चालवणारा, सुकाणूवर असतो, इंजिनरूममध्ये नाही. तो पुढे पाहत असताना आत काय बिघडतंय हे कळणारा आणखी एक माणूस बोटीवर लागतो. तो तुम्ही व्हा. अडचणी अगणित वाटतात, पण बहुतेक पाण्याच्याच असतात: जे पाणी आत यायला हवं ते न येणं, जे येऊ नये ते येणं, आणि बोटीखाली ते पुरेसं नसणं.

किल्ली फिरवण्यापूर्वी

इंजिनरूमचं झाकण उघडा आणि दिवा लावून खाली बघा. पाहुणे चढण्याआधीच हे उरका, कारण एकदा माणसं चढली की घाई सुरू होते.

- बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पाणी नेहमीपेक्षा जास्त आहे का? त्यावर तेलाचा तवंग?
- तेलाची कांडी काढून पातळी पाहा. तेल दुधट दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मेकॅनिकने पाहिल्याशिवाय ते इंजिन सुरू करू नका.
- कूलंटची टाकी. तिचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं.
- डिझेल फिल्टरची पारदर्शक वाटी. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. दिसलं तर खालचा नळ सोडून काढून टाका.
- सीकॉक, म्हणजे तळातून पाणी आत घेणारे नळ. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर नळ उघडा, आडवी असेल तर बंद.
- पट्टे आणि होसचे क्लॅम्प हाताने चाचपा.

इंजिन सुरू झालं, आता मागे वाकून बघा

किल्ली फिरवल्यावर नवखे मालक डॅशबोर्डवरचे काटे बघतात. त्याआधी बोटीच्या मागे जाऊन एक्झॉस्टच्या तोंडातून पाणी पडतंय का ते बघा. समुद्राचं पाणी सीकॉकमधून येतं, जाळीच्या स्ट्रेनरमध्ये गाळलं जातं, रबरी पाकळ्यांच्या इम्पेलरने पुढे ढकललं जातं, हीट एक्स्चेंजरमध्ये इंजिनची उष्णता घेतं आणि शेवटी धुरात मिसळून बाहेर पडतं. ही वाट कुठेही अडली की इंजिन तापतं, पण तापमानाचा काटा ते सांगेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. एक्झॉस्ट लगेच सांगतो: पाणी कमी, वाफ जास्त, आवाज कोरडा आणि फुटका. अर्ध्या मिनिटात पाणी दिसलं नाही तर इंजिन बंद करा.

मग शोधायचं क्रमाने. सीकॉक बंद राहिला का? स्ट्रेनर तुंबला का? दोन्ही ठीक असतील तर इम्पेलर. मुंबई बंदरात गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दोन्ही मुबलक. स्ट्रेनर प्रत्येक फेरीनंतर साफ करायची सवय इथे अति वाटू नये. चालता चालता एकाच इंजिनचं पाणी अचानक थांबलं तर बोटीच्या तळाशी पिशवी चिकटली असण्याची शक्यता मोठी. ते इंजिन बंद करून बोट थांबवा; ओढ गेली की पिशवी पुष्कळदा आपोआप सुटते.

इम्पेलर कोरडा फिरला तर एका-दोन मिनिटांत त्याच्या पाकळ्या तुटतात. बदलताना जुन्याच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर तिचा तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकलेला असतो, आणि तो काढला नाही तर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहतं. दोन्ही इंजिनांचा आणि जनरेटरचा एकेक सुटा इम्पेलर गॅस्केटसह बोटीवर ठेवा. तो बदलायला सारंगाकडून एकदा धक्क्यावर बसून शिका. स्वतःच्या हाताने.

एक घोटाळा महागात पडतो आणि त्याबद्दल फार कमी लोक सावध असतात. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला जातो. इंजिन पेटत नसलं तरी पंप फिरतच असतो आणि समुद्राचं पाणी मफलरमध्ये साठवत राहतो. ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. शेवटी पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही, तर सीकॉक बंद करा, मफलरचं पाणी काढा, आणि मग दोष शोधा. पेटल्याक्षणी सीकॉक पुन्हा उघडायला मात्र एक माणूस तिथे उभा हवा.

परत आल्यावर टर्बो असलेलं इंजिन एकदम बंद करू नका. काही मिनिटं मंद चालू द्या.

धक्का सोडताना आणि लावताना

दोन इंजिनांची बोट मंद गतीत सुकाणूने वळवायची नसते. चाक मध्यावर ठेवा आणि गिअरने वळवा: उजवं इंजिन पुढे आणि डावं मागे घेतलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे वळते; उलट केलं की उजवीकडे. इंजिनं जेमतेम फिरत असताना, थ्रॉटलला हात न लावता, हे जमायला हवं. पुढचा गिअर काढून थेट मागचा घालू नका. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा.

धक्क्याला लागण्याआधी दूरच थांबून बोट कुणीकडे वाहते ते बघा. वारा आणि ओढ यांपैकी जे जास्त जोरात असेल त्याच्या तोंडावर या, म्हणजे तेच तुमचं थांबवण्याचं काम करतं. नाळ बाजूला ढकलणारा बो-थ्रस्टर असेल तर तो थोडा थोडाच वापरा. त्याची मोटार सलग चालली की तापून बंद पडते, आणि नेमकी गरज असताना. पाहुण्यांना आधीच सांगा: बोट आणि धक्का यांच्या मधे हात किंवा पाय घालायचा नाही. फेंडर त्यासाठीच आहेत. बोट काही टनांची आहे, आणि पाय तुमच्या मेहुण्याचा.

तिथी, भरती आणि खोली

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. जे बोट चालवणं दुबईत, थायलंडमध्ये किंवा परदेशी व्हिडिओंमधून शिकले त्यांना ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो. सकाळी दोन पुरुष पाणी असलेल्या जागी दुपारी चिखल दिसतो.

कोळीवाड्यातला हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. नियोजनासाठी भरतीचं अधिकृत कोष्टकच वापरा. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे एक-दोन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी फरकाचे. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने हलत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक. ओढ सर्वांत जोरात असते ती मधल्या दोन तासांत. जेटीला लागायचं असेल तर ते टाळा.

नकाशावर छापलेली खोली सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. तिच्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवली की खरी खोली मिळते. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्ज दीपगृहाजवळचं खडप, खांदेरी-उंदेरीच्या आसपासचे खडक, पुढे चौल कडू, हे सारं भरतीला दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचं. प्लॉटरवरचा नकाशा पुरेसा मोठा करून बघा. लहान केला की काही खडक पडद्यावरून गायब होतात.

आणखी एक सापळा. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत याच्या नेमकं उलट. अमेरिकी व्हिडिओ पाहून शिकलेला माणूस इथे सरळ उथळ पाण्यात जातो.

हवेचं म्हणाल, तर पावसाळ्याबाहेर सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो. मांडव्याहून जेवून सावकाश चारला निघणाऱ्यांना परतीत लाटा का लागतात, याचं कारण हेच. अशा पाण्यात वेग कमी करा. लाटा मागून येत असतील तर ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या बाजूला बुडाशी असलेल्या हलत्या पट्ट्या, वर घ्या. ते खाली राहिले तर नाळ लाटेत रुतते आणि बोट आडवी फिरू शकते.

मोठी जहाजं, जाळी आणि नियम

समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. दुसरी बोट तुमच्या उजव्या बाजूने आडवी येत असेल तर वाट तुम्ही द्यायची. मागून ओलांडणाऱ्याने नेहमीच बाजूने जायचं. वीस मीटरपेक्षा लहान बोटीने अरुंद खाडीमार्गात मोठ्या जहाजाची अडवणूक करायची नाही, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. न्हावा-शेव्याकडे जाणारं कंटेनर जहाज तुमच्यासाठी वळू शकत नाही, थांबू तर नाहीच. त्याचा मार्ग काटकोनात आणि त्याच्या मागून ओलांडा. नौदलाच्या धक्क्यांपासून आणि जवाहर द्वीपाच्या तेलजेटीपासून लांब राहा.

मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते डबे आणि थर्मोकोल दिसले की वेग उतरवा. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलं तर इंजिन लगेच बंद. मागे-पुढे गिअर मारून ते सुटत नाही, आणखी आवळतं. आणि जाळं फाडलंत तर त्या कोळ्याचं नुकसान भरून द्या. त्याचा हंगाम त्यावर असतो.

जनरेटर, बॅटरी, एसी

बोटीवर दोन प्रकारची वीज असते: बॅटरीची १२ किंवा २४ व्होल्टची, आणि धक्क्याच्या किंवा जनरेटरच्या २३० व्होल्टची. गोंधळ दुसरीत होतो.

1. धक्क्याची वीज काढण्याआधी एसी, गीझर, शेगडी सगळं बंद करा.
2. जनरेटर बिनभाराचा सुरू करा, त्याचंही पाणी बाहेर पडतंय ना बघा, काही मिनिटं गरम होऊ द्या.
3. मग चेंजओव्हर फिरवा आणि एकेक उपकरण चढवा.
4. बंद करताना उलट क्रम.

एसी समुद्राच्या पाण्यानेच थंड होतो. गार हवा येईना म्हणून गॅस भरायला माणूस बोलवण्याआधी त्याचा स्ट्रेनर उघडा.

अमेरिकी बाजारासाठी बांधलेली जुनी बोट घेत असाल तर उपकरणांवरची पाटी वाचा. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०. त्या मोटारी इथल्या विजेवर हळू फिरतात आणि तापतात. विक्रेता हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

इंजिन सुरू करायची बॅटरी आणि दिवे-फ्रीजची बॅटरी वेगळ्या ठेवा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं स्थिर व्होल्टेज १२.६ च्या पुढे असेल तर ती भरलेली, १२.२ ला निम्मी. इंजिन चालू असताना मुख्य स्विच कधीही 'ऑफ'वर नेऊ नका, आल्टरनेटरचे डायोड जळतात.

जनरेटर चालू असताना मागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नका, पोहू देऊ नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पोहायला उतरण्यापूर्वी इंजिनं आणि जनरेटर बंद, किल्ल्या खिशात.

आत येऊ नये ते पाणी

बिल्ज पंपाचा तरंगता स्विच हाताने उचलून बघा. पंप सुरू झाला पाहिजे. त्याची तार मुख्य स्विचमधून न नेता थेट बॅटरीला जोडलेली हवी, नाहीतर बोट बंद करून घरी गेलात की पंपही बंद. प्रत्येक सीकॉक महिन्यातून एकदा उघडबंद करा. न हलवलेला नळ हवा त्या दिवशी हलत नाही. प्रत्येकाला त्याच्या मापाची निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा. होस फाटला आणि नळही अडकला, तर बोट तिच्यावरच वाचते. बिल्जमध्ये तेल असेल तर ते समुद्रात सोडायचं नाही. शोषून डब्यात गोळा करा.

नांगर

सर्वांत जास्त चुकणारा हिशोब हाच. समजा तुम्ही ओहोटीला तीन मीटर पाण्यात थांबलात. भरतीने आणखी चार मीटर चढणार. पाण्यापासून नाळेची उंची दीड मीटर. बेरीज साडेआठ. साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस मीटर सोडा. दोर असेल तर सातपट. आता उलटं बघा: भरतीला पाच मीटर खोली पाहून निर्धास्त नांगर टाकलात, तर उधाणाच्या ओहोटीला तिथे मीटरभर पाणी उरतं आणि पंखे चिखलात.

नांगर तळाला लागला की हलकेच मागे जात साखळी सोडा, मग थोडा जोर देऊन तो रुतलाय का ते बघा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, माड आणि देऊळ असं काही, एका रेषेत धरून ठेवा. रेषा सरकली की नांगर ओढला जातोय. ओढ फिरली की बोटही फिरते; शेजारच्या बोटीपासून तेवढी जागा सोडा.

संकटात

व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर: तीनदा 'मेडे', बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, माणसं किती. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. रेडिओ कसा वापरायचा हे सारंगाव्यतिरिक्त आणखी दोघांना यायला हवं. सारंगच पडला तर?

- माणूस पाण्यात पडला तर प्लॉटरवरचं 'एमओबी' बटण दाबा, इंजिन न्यूट्रल करा, एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहावं.
- आग इंजिनरूममध्ये असेल तर झाकण उघडू नका. इंजिनं आणि हवा खेळवणारे पंखे बंद, डिझेलचा नळ बंद, मग अग्निशामक यंत्रणा.
- सेकंडहँड परदेशी बोटीवरचा ईपीआयआरबी (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारा बीकन) आधीच्या मालकाच्या नावावर आणि त्याच्या देशाच्या कोडवर असतो. तो दाबलात तर चौकशी भलत्या देशात सुरू होईल. कोड बदलून भारतात नोंदवा. नोंदणी बंगळुरूच्या केंद्रात होते.
- बोटीबरोबर आलेला सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. 'राहू दे, उपयोगी पडेल' हा विचार सोडा.

कागद, विमा आणि भाड्याच्या बोटीवरचे हक्क

नोंदणी कोणत्या वर्गात, चालवणाऱ्याला कोणतं प्रमाणपत्र, पाहणी किती मुदतीची, हे दलालाच्या तोंडी शब्दावर न ठेवता महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाकडून लेखी घ्या. विमापत्रात दोन कलमं शोधा: बोट कुठपर्यंत नेता येते, आणि पावसाळ्यात पाण्यात ठेवता येते का. खासगी म्हणून नोंदलेली बोट पैसे घेऊन पाहुण्यांना दिलीत तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

तुम्ही भाड्याने घेत असाल तर पैसे देण्याआधी नोंदणी, चालू पाहणी प्रमाणपत्र, सारंगाचं प्रमाणपत्र आणि प्रवासी क्षमता दाखवायला सांगा. क्षमतेत मुलंही मोजली जातात. प्रत्येकाला मापाचं लाइफजॅकेट हवं, आणि ते पेटीत नव्हे, अंगावर. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची वेगवान बोट एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगावर ते नव्हतं. पैसे घेऊन दिलेली बोट ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवा आहे. ठरल्याप्रमाणे ती मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी पावती आणि लेखी अटी जपून ठेवा.

मे संपण्याआधी

पावसाळ्यात बोट जमिनीवर घ्या. इंजिनं गोड्या पाण्याने धुवा, डिझेलची टाकी भरून ठेवा म्हणजे आत वाफ धरून पाणी होणार नाही, धातूला गंजापासून वाचवणारे झिजलेले झिंक बदला. बुडाचं बूच काढून ठेवा. जमिनीवरची बोट पावसाने आतून भरते. आणि ते बूच सुकाणूच्या चाकाला बांधा, नाहीतर सप्टेंबरात त्याच्याशिवायच बोट पाण्यात उतरेल.

शेवटचं मालकांसाठी. पाहुणे धक्क्यावर उभे आहेत, जेवणाचे डबे आलेत, आणि सारंग पाण्याकडे बघून "साहेब, आज नको" म्हणतो. त्याला दुसऱ्यांदा विचारू नका. पगार तुम्ही देता म्हणून तो दुसऱ्या वेळी 'हो' म्हणेल.